अज्ञान मुलांच्या नावावरची जमीन आणि घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला कर्ता माणूस जातो, सातबारावर लहान मुलांची नावं लागतात आणि वर्षभरात कुणीतरी गिऱ्हाईक घेऊन दारात उभं राहतं. आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रं इथूनच सुरू होतात. विचारणाऱ्यांत एकट्या पडलेल्या आया सर्वांत जास्त असतात. त्यांच्याखालोखाल जमीन किंवा फ्लॅट घेऊ पाहणारी माणसं आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलं. पुढची उत्तरं महाराष्ट्रातली हिंदू कुटुंबं समोर ठेवून लिहिली आहेत. या कायद्यांपुरते बौद्ध, जैन आणि शीखही त्यात येतात. इतर धर्मीयांसाठी प्रश्न २१ आणि गोव्यासाठी प्रश्न २२ पाहा.

१. कायद्यानं अज्ञान कोण?

अठरा वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडला की माणूस सज्ञान होतो. न्यायालयानं पालक नेमला असेल तर पूर्वी ही मर्यादा एकवीस होती. १९९९ च्या दुरुस्तीनंतर तीही अठराच झाली. जुनी कागदपत्रं वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.

२. तीन वर्षांच्या मुलीच्या नावावर जमीन किंवा फ्लॅट होऊ शकतो का?

होतो. वारसानं, मृत्युपत्रानं, बक्षीसपत्रानं किंवा पालकानं तिच्या नावे खरेदी करूनही होतो. पोटातल्या बाळालासुद्धा वारसाहक्क आहे. ते जिवंत जन्माला आलं की वडिलांच्या मृत्यूच्या दिवसापासूनचा वारस मानलं जातं. मुलाच्या नावे केलेली खरेदी पालकाच्या ज्ञात उत्पन्नातून असेल तर ती बेनामी ठरत नाही. मालकी घ्यायला वयाची अट नाही, ती दुसऱ्याला द्यायला आहे.

३. मुलानं स्वतःच सही करून जमीन विकली किंवा गहाण टाकली तर?

तो व्यवहार मुळातच रद्दबातल. कलकत्त्याच्या धर्मदास घोष यानं अज्ञान असताना आपली घरं सावकाराकडे गहाण ठेवली होती. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं सर्वांत वरचं अपील न्यायालय) सांगितलं की अज्ञानाचा करार हा करारच नव्हे. 'मोहोरी बीबी' या नावानं ओळखला जाणारा तो निकाल आजही आधार आहे. समोरची व्यक्ती अज्ञान दिसली तर दुय्यम निबंधकानं दस्त नोंदवायचा नसतो. मुलानं वय लपवून सही केली असेल, तरी त्यामुळे दस्त वैध होत नाही.

४. मुलाच्या मालमत्तेचा पालक कोण? वडील हयात असताना आई पालक असू शकते का?

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई, असा क्रम आहे. या 'नंतर'चा अर्थ 'मृत्यूनंतर' एवढाच नाही. १९९९ च्या गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो 'वडिलांच्या अभावी' असा लावला. वडील परागंदा असतील, मुलाकडे अजिबात पाहत नसतील, आजारपणामुळे असमर्थ असतील किंवा दोघांनी आपसांत तसं ठरवलं असेल, तर त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरते. त्याआधी १९७० मध्ये जिजाबाई गजरे खटल्यातही हेच झालं होतं: वडील जिवंत, पण मुलीची जमीन वर्षानुवर्षं आईनं सांभाळलेली. न्यायालयानं आईनं दिलेला पट्टा ग्राह्य धरला.

विवाहबाह्य संबंधातून झालेल्या मुलाची पहिली पालक आईच असते. सावत्र आई किंवा सावत्र वडील या कायद्यानं नैसर्गिक पालक नसतात.

५. आजोबा, काका, मामा किंवा मोठी बहीण मुलाची जमीन विकू शकतात का?

नाही. मुलाला वर्षानुवर्षं जेवू घातलं, शाळेत घातलं, तरी केवळ सांभाळ केला म्हणून मालमत्ता विकण्याचा अधिकार येत नाही. १९५६ च्या कायद्याचं कलम ११ याच्यासाठीच आहे. मोठ्या बहिणीनं पालक म्हणून केलेली विक्री मधेगौडा विरुद्ध अंकेगौडा या खटल्यात मुळातच रद्दबातल ठरली. नैसर्गिक पालकानं परवानगीविना केलेली विक्री आणि ही विक्री यांत मोठा फरक आहे. तो मुदतीच्या वेळी उपयोगी पडतो (प्रश्न १५).

वडिलांनी मृत्युपत्रात काकांना पालक नेमलं आहे, असंही बरेच जण लिहितात. आई हयात असेपर्यंत त्या नेमणुकीला अर्थ नाही. आईही पुढे दुसरा पालक न नेमता गेली, तरच ती जागी होते आणि तेव्हाही प्रश्न ७ मधली बंधनं काकांना लागू होतात. बाकी कुणाला अधिकार हवा असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयातून नेमणूक घ्यावी लागते.

६. सातबारावर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणून माझं नाव आहे. मग मी विकू शकते ना?

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ती महसुली नोंद आहे. शेतसारा कुणाकडून घ्यायचा, नोटीस कुणाला द्यायची, एवढंच तिच्यावरून ठरतं. विकण्याचा अधिकार तिच्यातून मिळत नाही. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, या शेऱ्याचंही तेच. मुलाला मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे देणं ही मात्र पालकाची जबाबदारी आहे. ती जरूर पार पाडा, कारण ज्याचं नाव सातबारावर आलंच नाही, त्याला डावलून व्यवहार करणं फार सोपं जातं.

७. न्यायालयाची परवानगी नेमकी कशाकशासाठी लागते?

विक्री, गहाण, बोजा, बक्षीस, अदलाबदल आणि 'अन्य कोणत्याही प्रकारे' हस्तांतर. त्यात हक्कसोडपत्रही येतं. मुलाच्या घरावर बँकेचं कर्ज काढायचं असेल तरीही परवानगी लागते. परवानगी आधी घ्यायची असते, हे मी जितक्यांदा सांगेन तितकं थोडं. साठेखत (विक्रीचा आगाऊ करार) करून, इसार घेऊन, पैसे खर्चून मग न्यायालयात येणारी माणसं स्वतःला आणि समोरच्यालाही अडचणीत टाकतात. पालक स्वतःच्या वचनानं मुलाला बांधू शकत नाही, असं १९५६ च्या कायद्याच्या कलम ८ मध्येच लिहिलं आहे.

शेत कसणं, घराची डागडुजी, कर भरणं, भाडं वसूल करणं यांसाठी कुणाला विचारावं लागत नाही.

८. मुलाचा गाळा भाड्यानं द्यायचा आहे. त्यालाही परवानगी?

भाडेपट्टा पाच वर्षांपेक्षा जास्त नसेल आणि मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षापलीकडे जात नसेल, तर नाही. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. मुलगा सोळा वर्षांचा असेल तर पट्टा फार तर तो एकोणीस होईपर्यंतचा. लिव्ह अँड लायसन्सचा करार म्हणजे भाडेपट्टा नव्हे, तरीही हीच मर्यादा पाळावी असं माझं मत आहे. भाडं मुलाच्या खात्यात जमा करा.

९. नवरा मृत्युपत्र न करता गेला. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. मी, दोन लहान मुलं आणि सासूबाई आहोत. मुलांच्या वतीनं मीच हक्कसोडपत्र करून फ्लॅट माझ्या नावावर करून घेऊ का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि विचारणारीचा हेतू जवळजवळ नेहमीच चांगला असतो. तरीही उत्तर नाही असंच आहे.

स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, प्रत्येक मूल आणि मृताची आई यांचा समान वाटा असतो. तुमच्या घरी चौघांचा प्रत्येकी पाव. मुलांचे दोन पाव म्हणजे अर्धा फ्लॅट त्यांचा स्वतंत्र मालकीचा आहे. सासूबाई सज्ञान आहेत. त्या आपला वाटा राजीखुशीनं सोडू शकतात. मुलांचा वाटा मात्र परवानगीशिवाय सोडता येत नाही, आणि मोबदला न घेता हक्क सोडण्यात मुलांचं कोणतं हित आहे हे न्यायालयाला पटवणं अवघड असतं. त्यात एकाच हातानं सोडणारी आणि घेणारी तुम्हीच, म्हणजे हितसंबंधांचा उघड विरोध.

मग करायचं काय? बहुतेक वेळा काहीच नाही. मुलांची नावं राहू द्या. त्या घरात राहायला, कर भरायला, सोसायटीत वावरायला तुम्हाला अडचण येत नाही (प्रश्न १७). खरोखर विकण्याची वेळ आली तर प्रश्न ११ प्रमाणे अर्ज करा. 'नोटरीकडून हमीपत्र करून देतो, झालं काम' असं सांगणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नका. तो कागद कुठल्याही न्यायालयात टिकणार नाही.

१०. जमीन वडिलोपार्जित आहे, त्यामुळे परवानगी लागतच नाही, असं एजंट म्हणतो. खरं आहे का?

अर्धं खरं. आणि या अर्ध्या सत्यावर महाराष्ट्रात कितीतरी जमिनी विकल्या गेल्या आहेत.

एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला अज्ञानाचा अविभक्त हिस्सा कलम ८ च्या बाहेर ठेवलेला आहे. कुटुंबाचा सज्ञान कर्ता सगळ्यांच्या वतीनं जमीन विकत असेल तर त्याला आधी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये श्री नारायण बाळ विरुद्ध श्रीधर सुतार या निकालात स्पष्ट केलं. पण कर्त्यालाही मोकळं रान नाही. कुटुंबाची कायदेशीर गरज किंवा मालमत्तेचं हित असलं पाहिजे. १८५६ च्या हनुमानप्रसाद पांडे खटल्यापासून हा नियम चालत आला आहे, आणि गरज होती किंवा आपण नीट चौकशी केली होती हे घेणाऱ्याला सिद्ध करावं लागतं.

एजंट जे सांगत नाही ते असं. पहिलं, वडील जाऊन त्यांची मालमत्ता वारसा कायद्यानं पत्नी-मुलांकडे आली असेल तर ती एकत्र कुटुंबाची राहत नाही. प्रत्येकाचा वाटा वेगळा होतो आणि कलम ८ पूर्ण लागू होतं. २००५ च्या दुरुस्तीनंतर तर वडिलांचा वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटासुद्धा, वाटणी झाली असं धरून, वारसानंच उतरतो. दुसरं, वाटणी झालेली असेल तर मुलाला मिळालेला तुकडा अविभक्त उरत नाही. तिसरं, विधवा आई सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानं हक्क असलेली हिस्सेदार) नसल्यामुळे कर्ता होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्येच म्हटलं आहे. म्हणजे घरात फक्त आई आणि अज्ञान मुलं असतील तर 'कर्ता म्हणून विकलं' हे म्हणणं टिकणं कठीण. अशा वेळी अविभक्त हिश्शासाठी पालक नेमण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार कायद्यानं राखून ठेवला आहे.

फेरफार उतारे काढून मालमत्ता कुणाकडून, कोणत्या वर्षी, कशी आली हे वकिलासमोर मांडा. 'वडिलोपार्जित' या एका शब्दावर निर्णय घेऊ नका.

११. परवानगीसाठी अर्ज कुठे करायचा? न्यायालय काय पाहतं?

मालमत्ता जिथे आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात, शहर दिवाणी न्यायालयात किंवा असा अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयात. कौटुंबिक न्यायालयाकडे मुलाच्या ताब्याचे आणि व्यक्तीच्या पालकत्वाचे वाद जातात. मालमत्तेच्या परवानगीसाठी तिथे जाऊ नका.

न्यायालय दोनच गोष्टी विचारतं: गरज आहे का, किंवा मुलाचं स्पष्ट हित आहे का? 'भाव चांगला आलाय' एवढं पुरत नाही. मुलाच्या शस्त्रक्रियेचा खर्च, फी भरायला दुसरा मार्ग नसणं, पडायला आलेलं घर, अतिक्रमण होत असलेली आणि कसणं अशक्य असलेली दूरची जमीन, लहान हिस्सा विकून मुलाच्याच नावे चांगली जागा घेणं, ही कारणं मांडता येतात. त्यांना कागदाचा आधार हवा: डॉक्टरांचं अंदाजपत्रक, शाळेचं पत्र, उत्पन्नाचा दाखला. सोबत जन्मदाखला, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मूल्यांकन अहवाल, रेडीरेकनरचा दर, घेणाऱ्याचा देकार आणि आलेल्या पैशाचं काय करणार याचा आराखडा. हा शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात. न्यायाधीशाला मात्र सर्वांत आधी तोच हवा असतो.

नुसती 'मुलांच्या भविष्यासाठी' अशी मोघम वाक्यं लिहिलेले अर्ज लांबतात. खरी अडचण खरेपणानं आणि आकड्यांसह लिहा.

१२. परवानगी मिळाल्यावर मुलाच्या वाट्याचे पैसे माझ्या हातात येतात का?

ते आदेशात लिहिलेलं असतं. मुलाचा वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवा आणि व्याज खर्चासाठी घ्या, अशी अट सर्रास असते. कमीत कमी किंमत ठरवणं, लिलावानं विकायला सांगणं, खरेदीखत आधी न्यायालयाला दाखवायला लावणं, हेही न्यायालय करू शकतं. अट मोडली तर परवानगी असूनही व्यवहार अडचणीत येतो.

१३. आम्ही जमीन घेणार आहोत. विकणाऱ्यांत एक अज्ञान आहे आणि 'परवानगी नंतर आणून देतो' म्हणतात. काय करावं?

थांबावं. आदेश हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आदेश आल्यावर पूर्ण वाचा: गट क्रमांक, क्षेत्र, किंमत, मुदत, पैसे कुठे भरायचे. खरेदीखतात आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहा, मुलाच्या वाट्याची रक्कम आदेशातल्याच खात्यात भरा आणि पावती दस्ताला जोडा.

'मुलगा सज्ञान झाल्यावर संमतीपत्र देईल' असा मजकूर घालून घेतला तरी तो मुलाला बांधत नाही. पुढे त्यानं व्यवहार रद्द करून घेतला तर तुम्ही दिलेले पैसे परत मिळतीलच असं नाही. त्यातून मुलाचा जेवढा लाभ झाला तेवढ्यापुरताच न्यायालय विचार करू शकतं. मुलगा सतरा वर्षांचा असेल तर वर्षभर वाट पाहणं सर्वांत स्वस्त.

१४. मी दहा वर्षांची असताना आईनं माझ्या नावावरची जमीन परवानगी न घेता विकली. आता मी एकोणीस वर्षांची आहे. परत मिळेल का?

मिळू शकते, आणि तुमच्याकडे अजून वेळ आहे. नैसर्गिक पालकानं परवानगीविना केलेली विक्री आपोआप रद्द होत नाही. ती तुम्ही म्हटलं तर रद्द होते. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६० प्रमाणे सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत, म्हणजे एकविसावं वर्ष पूर्ण होण्याच्या आत, दावा लावायचा. दाव्यात खरेदीखत रद्द करण्याची मागणी स्पष्ट हवी. नुसता ताबा मागणारे आणि खरेदीखताबद्दल गप्प राहणारे दावे फेटाळले गेले आहेत; विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण (२००१) हा निकाल त्यासाठी वकिलांच्या तोंडी असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये के. एस. शिवप्पा विरुद्ध के. नीलम्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. दावणगेरे इथले भूखंड वडिलांनी अज्ञान मुलांच्या नावे घेतले होते आणि परवानगीविना विकले. मुलांनी सज्ञान झाल्यावर दावा न लावता तेच भूखंड दुसऱ्याला विकून टाकले. अशा निःसंदिग्ध कृतीनंही जुना व्यवहार नाकारता येतो, प्रत्येक वेळी दावाच लागतो असं नाही, असं न्यायालयानं मानलं. मात्र ती कृतीही मुदतीतच हवी. तुमच्या जमिनीवर आज दुसऱ्याचा ताबा असेल तर मी तुम्हाला दावाच लावायला सांगेन.

आईला दोष देण्याआधी एकदा तिच्याशी बोला. अनेक घरांत तेव्हा दवाखान्याचं बिल किंवा सावकाराचा तगादा असतो आणि परवानगी नावाची गोष्ट तिला कुणी सांगितलेलीच नसते. दावा मुख्यतः घेणाऱ्याविरुद्ध असतो; आईला पक्षकार केलं तरी त्यासाठी घर मोडायची गरज नाही.

१५. माझं वय पंचवीस आहे. तीन वर्षं गेली. आता सगळं संपलं का?

विक्री आई-वडिलांनी केली असेल तर बहुधा हो. पण विकणारा पालक नव्हताच (प्रश्न ५), तर ती विक्री सुरुवातीपासून रद्दबातल असते. ती रद्द करून घेण्याची तीन वर्षांची मुदत तिला लागत नाही. मालकीवरून ताबा मागण्याची बारा वर्षांची मुदत लागते. वडिलांनी कर्ता म्हणून वडिलोपार्जित जमीन विकली असेल तर घेणाऱ्यानं ताबा घेतल्यापासून बारा वर्षं. हा काळ तुम्ही अज्ञान असतानाच संपला असेल, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं मिळतात, त्याहून जास्त नाही.

भावंडांसाठी एक इशारा. मोठा भाऊ सज्ञान होऊन कुटुंबाचा कर्ता झाला असेल तर सगळ्यांची मुदत त्याच्या सज्ञान होण्यापासून मोजली जाऊ शकते. 'धाकटी अजून पंधराची आहे, वेळ आहे' असं म्हणून बसू नका.

१६. मी लहान असताना वाटणी झाली आणि मला खडकाळ तुकडा मिळाला. मोडता येते का?

प्रामाणिक आणि न्याय्य वाटणी अज्ञानालाही बांधते. वाटणी मुलाच्या हिताला बाधक आणि अन्याय्य असेल तर ती पुन्हा उघडता येते. वाटणी न्यायालयात तडजोडीनं झाली असेल तर रोजनामा (न्यायालयातल्या दर तारखेच्या कामकाजाची नोंद) आणि आदेश काढा. अज्ञानाच्या वतीनं तडजोड करताना ती त्याच्या हिताची असल्याचं वकिलाचं प्रमाणपत्र आणि न्यायालयाची स्पष्ट अनुमती लागते. ती नोंदलेली नसेल तर तडजोड तुमच्या इच्छेनं रद्द होऊ शकते.

१७. सोसायटी म्हणते, अज्ञान मुलाला सभासद करता येत नाही. मग भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) कुणाच्या नावे?

वारसानं हक्क मिळालेलं मूल पालकामार्फत सभासद होऊ शकतं. आदर्श उपविधींत तशी तरतूद आहे. नामनिर्देशनात फक्त तुमचं नाव असेल तर सोसायटी तुम्हाला तात्पुरतं सभासद करेल, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मुलांचे वाटे तसेच राहतात.

पुनर्विकासात जुन्या घराच्या बदल्यात नवं घर घ्यायचं असतं. त्यामुळे मुलाचा वाटा असलेल्या सदनिकेसाठी परवानगी आधीच मागावी आणि नव्या करारातही मुलाचं नाव आलंच पाहिजे, यावर ठाम राहावं.

१८. मी माझा फ्लॅट मुलाला बक्षीस दिला. आता पैशांची गरज आहे. दिला मीच, मग मीच विकला तर काय बिघडलं?

बक्षीसपत्र नोंदवून स्वीकारलं गेलं की फ्लॅट मुलाचा. तुम्ही आता फक्त त्याचे पालक, आणि विकायला तुम्हालाही परवानगी लागेल. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला किंवा नातवंडाला बक्षीस देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, म्हणून लोक घाईनं करून टाकतात. करही वाचत नाही: मोबदल्याशिवाय अज्ञान मुलाला दिलेल्या घराचे आयकरासाठी मालक तुम्हीच मानले जाता आणि मुलाचं मालमत्तेचं उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवलं जातं. मृत्युपत्र किंवा खासगी न्यास (ट्रस्ट) बहुतेक घरांना जास्त सोयीचा पडतो.

बक्षिसासोबत कर्जाचं ओझं आलं असेल तर सज्ञान झाल्यावर मुलाला ते बक्षीस नाकारता येतं.

१९. महामार्गात जमीन गेली. मुलांच्या वाट्याचा मोबदला कोण घेणार?

सक्तीच्या संपादनाला तुमची परवानगी लागत नाही, पण मोबदल्यावर मुलांचा हक्क पूर्ण राहतो. ज्याला जमीन विकण्याचा अधिकार नाही त्याच्या वाट्याची रक्कम प्राधिकरणाकडे जमा करून दुसऱ्या जमिनीत किंवा सरकारी रोख्यांत गुंतवण्याची तरतूद भूसंपादन कायद्यात आहे. निवाड्यात मुलांची नावं आणि वाटे आले आहेत ना, ते तपासा. आजोबांच्या एकट्याच्या खात्यात सगळी रक्कम जाऊ देऊ नका.

२०. मी पुनर्विवाह केला तर मुलांच्या मालमत्तेवरचं पालकत्व जातं का? आणि मूल दत्तक गेलं तर?

पुनर्विवाहानं पालकत्व जात नाही आणि पहिल्या नवऱ्याकडून आलेला तुमचा वाटाही जात नाही. सासरचे कितीही म्हणोत. तुमच्या हातून मुलांचं अहित होतंय असं सिद्ध झालं तरच न्यायालय दुसरा पालक नेमेल. दत्तक गेलेल्या मुलाच्या नावावर दत्तकापूर्वी आलेली मालमत्ता त्याचीच राहते. तिचं पालकत्व मात्र दत्तक आई-वडिलांकडे जातं.

२१. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत काय नियम?

मुस्लिम कायद्यात मालमत्तेचे पालक वडील, मग त्यांनी मृत्युपत्रानं नेमलेली व्यक्ती, मग आजोबा आणि मग आजोबांनी नेमलेली व्यक्ती. आई या यादीत नाही. तिनं केलेली विक्री १९१८ च्या इमामबंदी निकालापासून मुळातच रद्दबातल मानली जाते. म्हणून वडील आणि आजोबा दोघंही नसतील तर आईनं प्रथम १८९० च्या कायद्याखाली पालक म्हणून नेमणूक घ्यावी. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांनाही हाच कायदा. नेमलेल्या पालकाला विक्रीसाठी वेगळी परवानगी लागतेच, शिवाय न्यायालय हमीबंधपत्र आणि हिशोब मागू शकतं.

२२. आमची जमीन गोव्यात आहे. हेच नियम?

वारसाचे नियम वेगळे आहेत. गोव्यात हिंदू वारसा कायदा चालत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व्यवस्था आणि २०१२ चा गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा तिथे लागू आहे. वाटे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या, कार्यवाहीत ठरतात. महाराष्ट्रातल्या वकिलाच्या मसुद्यावर तिथे दस्त करू नका.

२३. आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी तिथली नागरिक आहे आणि साताऱ्याच्या शेतात तिचा वाटा आहे.

परदेशी नागरिक असली तरी वारसानं आलेली शेतजमीन ती ठेवू शकते. विकत घेऊ मात्र शकत नाही. भारतातल्या जमिनीला भारतातलाच कायदा लागतो, त्यामुळे परवानगी साताऱ्याच्या न्यायालयाची हवी. तिथल्या न्यायालयाच्या पालकत्वाच्या आदेशावर इथे खरेदीखत होणार नाही. अज्ञान मुलगी मुखत्यारपत्र देऊ शकत नाही. तुम्ही पालक म्हणून इथल्या नातेवाइकाला कामापुरतं देऊ शकता, पण त्याला तुमच्यापेक्षा जास्त अधिकार मिळत नाहीत.

२४. कूळकायद्यात आमचे वडील अज्ञान जमीनमालक होते. त्याचा आज काही उपयोग?

प्रकरण अजून चालू असेल तर आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी जमीन कसणारं कूळ तिचं मालक झालं, पण जमीनमालक अज्ञान, विधवा किंवा अपंग असेल तर कलम ३२-एफ प्रमाणे ते पुढे ढकललं गेलं. मालकाला सज्ञान झाल्यावर एका वर्षात जमीन मागता येत होती आणि त्यापुढच्या वर्षात कुळानं खरेदीचा हक्क बजावायचा होता. एकत्र कुटुंबातल्या अज्ञानाला ही सवलत त्याचा हिस्सा ३१ मार्च १९५८ पूर्वी सरस-निरस वाटून वेगळा झाला असेल तरच मिळते. त्या काळचे फेरफार आणि वडिलांचा जन्मदाखला, या दोन कागदांवर निकाल फिरतो. विदर्भ आणि मराठवाड्याचे कूळकायदे वेगळे आहेत.

२५. काका आमच्या अनाथ भाच्यांची जमीन विकायला निघाले आहेत. पुढच्या आठवड्यात दस्त आहे. आज काय करू?

आज: सातबारा, आठ-अ, फेरफार आणि मुलांचे जन्मदाखले काढा. दुय्यम निबंधकाला आणि गिऱ्हाइकाला मालक अज्ञान असल्याचं लेखी कळवा आणि पोच घ्या. नुसत्या पत्रावर निबंधक दस्त थांबवेलच असं नाही, पण 'आम्हाला माहीत नव्हतं' हे घेणाऱ्याला पुढे म्हणता येणार नाही.

उद्या: दिवाणी न्यायालयात मनाईचा अर्ज. मुलं स्वतः दावा लावू शकत नाहीत. तुम्ही त्यांचे वादमित्र म्हणून लावू शकता. त्यासाठी नेमलेला पालक असण्याची गरज नाही, तुमचं हित मुलांच्या विरुद्ध नसलं म्हणजे झालं.

दस्त झालाच तर फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. ती तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणीशिवाय नोंद मंजूर होत नाही.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक बालकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, स्त्रियांनाही नाही. मुलांच्या जिवाला धोका असेल किंवा त्यांना घराबाहेर काढलं असेल तर १०९८ ला फोन करा आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवा. मुलं सज्ञान झाली की सातबारावरचा अ.पा.क. शेरा काढायचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतो. तो करताना त्यांच्या हातात सूची क्रमांक २ ची प्रतही द्या, म्हणजे मधल्या काळात त्यांच्या जमिनीवर कोणते दस्त झाले ते त्यांना तीन वर्षांची मुदत संपायच्या आत कळेल.